ढोल ऐकू आला का

त्या पावसाळ्यात आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. भांडण झालेलं नव्हतं, कुणी आजारीही नव्हतं. अक्काला ऐकू यायला हवं, एवढंच कारण. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली होती. माय उखळात मिरच्या कुटत असली की अक्का ओसरीवरून एकदम हात वर करी, आणि मायचं मुसळ हवेत तसंच थांबे. धाकटा भाऊ रेडिओचा कान पिळी. वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणत असू, वर्तमानपत्राचं पान अर्धं उलटून तसंच धरून ठेवत. अक्का उत्तरेकडे, सातपुड्याच्या बाजूला तोंड करून उभी राही. पदर कानामागे सारलेला, डोळे मिटलेले. चुलीवर डुबुकवड्यांचं कालवण रटरटत असे, तेवढा एक आवाज. तोही तिला नकोसा वाटे. मग ती म्हणे, "काही नही. चालू द्या." कुटणं पुन्हा सुरू होई, पण मायचा हात आता बिचकत पडे. असं दिवसातून आठ-दहा वेळा. मी आता धुळ्याला राहते, मुलाच्या घरी. अजूनही मिक्सर लावला की मध्येच बंद करते. सून विचारते, झालं का वाटून? मी म्हणते, झालं, आणि पुन्हा लावते.

आमचं गाव चोपड्याच्या बाजूचं, सातपुड्याच्या पायथ्याला. गावाला लागून नदी. नदी म्हणायचं इतकंच. वर्षाचे नऊ महिने तिच्यात घोटाभर पाणी आणि गोटे. बायका तिथं धुणी धुवत, म्हशी बसत. गाव दोन थरांत वसलेलं होतं. वर शाळा, देऊळ आणि आमच्यासारख्यांची घरं. खाली काठाला लागून खालची आळी, कुडाच्या भिंती आणि गवताची छपरं. आदल्या वर्षी भादव्यात डोंगरावर पाऊस कोसळला. गावात मात्र लख्ख ऊन होतं. अक्का त्या दुपारी नदीच्या वरच्या अंगाला, उंच धडीवरच्या, म्हणजे काठावरच्या शेतात निंदत होती. तिनं पाणी येताना पाहिलं. आख्खी झाडं उभी घेऊन येणारं, गढूळ, फेसाळ पाणी. ती धडीच्या कडेनं गावाकडे ओरडत पळाली. खालच्या आळीला पिठाच्या गिरणीचं इंजिन ठकठकत होतं. कुणाला काही ऐकू गेलं नाही. आळीतली सात माणसं गेली. त्यात तिची मैत्रीण होती, लहानपणापासूनची. अक्काचा आवाज त्या दिवशी बसला तो महिनाभर आलाच नाही. आला तेव्हा तिनं मायकडे पाणी मागितलं नाही, जेवण मागितलं नाही. म्हणाली, "ऐकू जायाले पाहिजे व्हतं."

हे सगळं मला सांगितलेलं आहे. मी तेव्हा अमळनेरला कॉलेजात होते. पुढच्या उन्हाळ्यात मी नापास होऊन घरी परतले. एकोणीस वर्षांची नापास मुलगी घरात असली की सगळे तिच्याशी फार जपून बोलतात, आणि त्यानं जीव अधिकच कोंडतो. अक्का एकटीच तशी वागली नाही. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हाती वही दिली आणि म्हणाली, "तुले लिव्हता येस ना? चाल."

आम्ही खालच्या आळीत घरोघर फिरलो. कोण म्हातारं आहे, कुणाला चालता येत नाही, कोण बाळंत व्हायची आहे, कुणाची जनावरं दावणीला असतात, हे सगळं मी लिहून घेतलं. प्रत्येक घराला वरचं एक घर नेमून दिलं. पायानं अधू असलेल्या रामबा आबांना पाठीवर कोण घेणार, तेही ठरलं: सखू मावशीचा मुरलीधर. सखू मावशी विधवा, तिचा हा एकुलता मुलगा, बाविशीचा, दांडगा आणि सदा हसरा. अक्कानं बायांना सांगितलं, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, फुटाणे आणि गूळ एका डब्यात भरून तो आढ्याला टांगून ठेवा, निघताना तेवढाच घ्या. बाया हसल्या. "अक्का, पुरातबी नाश्ता का?" अक्का हसली नाही. वरच्या घरांमध्ये वेगळीच अडचण होती. एका घरचे नाना म्हणाले, "ओट्यावर बसू देऊ हो, पण खालच्या आळीची माणसं घरात कशी घ्यायची?" अक्का म्हणाली, "नाना, पानी जात इचारीसन येस का?" आम्ही निघालो तेव्हा नानांच्या बायकोनं आतून सांगितलं, "माझ्या घरी पाच माणसं लिही, सुमन. घरात."

राहिला होता आवाज. नदीच्या वरच्या अंगाला, गावापासून दीड कोसावर, एका टेकाडावर पावरा आदिवासींचा पाडा होता. नदी डोंगरातून बाहेर पडते ती त्यांच्या पायाशीच. अक्का आणि मी चालत तिथं गेलो. रायसिंग म्हणून एक वयस्क माणूस होता, त्याच्या घरात पुरुषभर उंचीचा ढोल. अक्कानं त्याला सांगितलं, पाणी चढलं की ढोल वाजव. सणाचा ठेका नको. एक, एक, एक, असे सुटे ठोके. रायसिंगनं तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "ढोल वाजवू बाई. पण पाणी आमचं शेत घेऊन गेलं तर तुमच्या गावातून कोण येईल? आजवर कोणी आलं नाही."

"मी येसू," अक्का म्हणाली. "आखो ज्या येतीन त्यासले लई येसू." येतील त्यांना बरोबर आणीन, असं.

तो तिच्याकडे बघून हसला, विश्वास नसल्यासारखा. पण कबूल झाला. गावात परतल्यावर भाऊंनी शाळेजवळच्या निंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला. शाळा आमच्या घराला लागूनच. भाऊ तिथंच मास्तर होते. ढोल ऐकू आला की लोखंडी गजानं रूळ बडवायचा. ते काम माझ्याकडे आलं, कारण दिवसभर घरी मोकळी असणारी आणि तरुण कानांची मीच होते. मला आधी त्याचा अभिमान वाटला. आषाढ लागला आणि अभिमान संपला. पावसाळ्यात आमच्याकडे वारा नैऋत्येचा, म्हणजे ढोलाच्या आवाजाच्या उलट. कधी वाटे, आला. कधी ती नदीवरच्या धुण्याची बडवाबडव असे, कधी नुसतं माझ्या कानातलं रक्त. जेवताना भाकरीचा घास चावायचा थांबवून मी ऐकत बसे. कळण्याची भाकरी आणि ठेचा माझा जीव की प्राण, पण त्या दिवसांत त्याची चव काय होती हे मला आठवत नाही.

श्रावणाच्या अखेरीस एका सकाळी ढोल ऐकू आला. अगदी स्पष्ट. मी अक्काला हाकही मारली नाही, धावत जाऊन रूळ बडवायला लागले. खालची आळी उठली. रामबा आबा मुरलीधरच्या पाठीवर, बाया पोरं काखोटीला मारून, कुणी शेळी ओढत, सगळे वर आले. शाळेच्या अंगणात माणूस मावेना. मला अजून आठवतं, माझी छाती भरून आली होती. मग आम्ही वाट पाहिली. नदी तशीच, घोटाभर. ऊन चढलं. कुणीतरी हसलं. आणि मग एका पोरीनं खाली बोट दाखवलं. आळीतून धूर येत होता.

सखू मावशी भाकरी थापता थापता उठून आली होती. चूल तशीच पेटती राहिली. कुडाला धग लागली, कुडाची छपराला. आम्ही घागरी घेऊन पळालो, पण गवताचं छप्पर जळायला किती वेळ लागतो? शेजारची घरं वाचली. मावशीचं सगळं गेलं. ढोल पाड्यावर देवाच्या कार्याचा होता. वाऱ्यानं त्याचा ठेका मोडून माझ्यापर्यंत सुटे ठोके आणले होते. मावशी राखेसमोर उभी होती. तिच्या हाताला अजून ओलं पीठ. मी जवळ गेले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मागला पूरनी जे सोडं व्हतं, ते तुन्ही घंटानी खाई टाकं."

भाऊ संध्याकाळी म्हणाले, तो रूळ काढून टाकू. माय म्हणाली, पोरीला मामाकडे बोदवडला पाठवा काही दिवस. दुसऱ्या दिवशी अक्कानं मला हाताला धरून खालच्या आळीत नेलं आणि मावशीच्या जागेवर चिखल तुडवायला लावलं. आठ दिवस आम्ही ते घर पुन्हा उभं करत होतो. वरच्या आळीनं बल्ल्या दिल्या, कुणी गवत, कुणी सुतळी. सुरुवातीला मी मान वर करत नव्हते. मुरलीधर छपरावरून ओरडे, "पेपर राहू दे सुमी, चिखल तरी नीट कालव!" सगळे हसत, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मीही हसले. त्यानं मला गवताची पेंढी कशी बांधायची ते शिकवलं. खालून वर, एकीवर एक, म्हणजे पाणी आत शिरत नाही. सखू मावशी माझ्याशी बोलत नसे, पण दुपारी सगळ्यांसाठी भाकरी आल्या की माझ्या हातावरही ठेवी. अक्कानं आळीला नवा नियम सांगितला, निघताना चुलीवर पाणी ओता. तेव्हा कुणी हसलं नाही. पण मान हलवणाऱ्या त्या बायांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं की आता पुन्हा रूळ वाजला तर त्या आधी नदीकडे बघतील.

आणि मीही. खरं सांगायचं तर मी रात्रंदिवस एकच गोष्ट मागत होते, की तो ढोल पुन्हा ऐकू येऊ नये. पूर येऊ नये असं नव्हे. मला ऐकू येऊ नये.

भादव्यात अक्का डोळे दाखवायला एस.टी.नं जळगावला गेली. दुपारी परतणार होती. मी शाळेच्या पायरीवर तांदूळ निवडत होते. आतून पोरांच्या पाढ्यांचा आवाज. आमच्यावर ऊन होतं, पण सातपुड्यावर काळं, जड आभाळ उतरलेलं दिसत होतं. आणि मला काहीतरी ऐकू आलं. मी आत जाऊन भाऊंना म्हटलं, पाढे थांबवा. पाढे थांबले. काही नाही. मग पुन्हा एक ठोका. मग वाऱ्याचा झोत. मग काही नाही. भाऊ दारात आले. "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही." ते आत गेले. मी गज हातात घेतला आणि निंबाखाली जाऊन उभी राहिले. तिथून नदी दिसे. पाणी निवळ, तळातले गोटे दिसावेत इतकं. तीन बाया धुणी धूत होत्या. खालच्या आळीतून धूर निघत होता, सैपाकाचा, आणि त्यात मावशीच्या नव्या छपरावरचं पिवळं गवत चमकत होतं. मी गज उचलला आणि खाली घेतला. पुन्हा उचलला. ठोका आला, की माझ्या छातीचा तो? पाड्यावर पुन्हा काही कार्य असेल तर? किती वेळ मी अशी उभी होते, हे मला खरंच सांगता येत नाही. आत पाढे बाराच्या पाढ्यापासून सुरू झाले होते आणि मी पहिला घाव घातला तेव्हा पोरं सतराच्या पाढ्यावर होती.

मी बडवलं. आळीतून माणसं बाहेर आली, पण उभी राहिली. कुणीतरी ओरडून विचारलं, "पुन्हा का वं?" मी गज टाकला आणि खाली धावत सुटले. काय बोलत होते ते मलाही कळत नव्हतं. सखू मावशी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आत वळली, आणि मला चूल विझल्याचा चर्र आवाज ऐकू आला. ती डबा घेऊन बाहेर आली आणि कुणाशी न बोलता चढणीला लागली. ती निघाली म्हणून बाकीचे निघाले. एवढंच खरं आहे. माझं ऐकून कुणी निघालं नव्हतं. मुरलीधरनं रामबा आबांना पाठीवर घेतलं. आम्ही अर्ध्या चढणीवर असताना नदीतल्या तीन बायांनी कपडे तसेच टाकून किंकाळ्या मारल्या, कारण पाण्याचा रंग बदलला होता.

त्या वर आल्या. सगळे वर आले. मुरलीधरनं आबांना देवळाच्या ओट्यावर उतरवलं आणि तसाच वळला. "बैल दावणीलेच सेतस," तो म्हणाला. मावशीनं त्याचा सदरा धरला. "जाऊ दे बैल!" तो म्हणाला, "नुसतं दावं कापस आणि येस, माय." तो हसलाही असावा, त्याला हसल्याशिवाय बोलताच येत नसे. आम्ही वरून पाहत होतो. त्यानं दोन्ही दावी कापली. बैल सुटले आणि चढणीकडे पळाले. तो त्यांच्या मागे पंधरा-वीस पावलांवर होता. पाणी बाजूनं, आळीच्या बोळातून आलं. बैल वर पोचले.

त्याचं शरीर दोन दिवसांनी तापीच्या अलीकडे सापडलं. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी रायसिंग पाड्यावरून चालत आला. अक्का, मी आणि गावातली बरीच माणसं शाळेच्या अंगणात धान्य वाटत होतो. तो उन्हात उभा राहिला. त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. टिपरं मोडल्यावर त्यानं हातांनीच वाजवलं होतं, कातडं फाटेपर्यंत. त्यानं कुणाचं काय वाहून गेलं हे विचारलं नाही. फक्त म्हणाला, "ढोल ऐकू आला का?"

कुणीतरी म्हणालं, आला, आला, म्हणून तर वाचलो. त्याचा चेहरा सैल झाला. सखू मावशी कोपऱ्यात बसली होती. मला गप्प राहता आलं असतं. तोवर मी कुणाला सांगितलं नव्हतं, अक्कालाही नाही. पण त्या चिंध्यांकडे बघून मला ते जमेना. मी म्हटलं, "ऐकू आला. पण मी लगेच घंटा वाजवली नाही. मी उभी राहिले. मला भीती वाटली, पुन्हा खोटी ठरेल म्हणून." मी मावशीकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती.

रायसिंग खाली बसला. म्हणाला, "तुमच्या गावात त्या दिवशी घर जळलं, ते आम्हाला कळलं होतं. आमच्या ढोलानं जळलं. म्हणून मी पण लगेच वाजवला नाही. पाणी उंबराच्या मुळाला लागू दिलं, मग खोडाला लागू दिलं. म्हटलं, पक्कं होऊ दे."

अक्का सूप खाली ठेवून उठली. मला वाटलं, ती आता आम्हा दोघांवर ओरडेल. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांना विचारलं, वरच्यांना आणि खालच्यांना, "इतलं सांगा. खोटी वाजनी तरी चढशात का नही?" तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा कोपऱ्यातून मावशीचा आवाज आला, घोगरा, ओळखू न येणारा. "चढसूत." मग एकेक करून बाकीचे म्हणाले.

आठवड्यानंतर गावातली चाळीसेक माणसं पाड्यावर गेली. रायसिंगच्या शेतातली माती नदीनं खरवडून नेली होती, नुसता खडक उरला होता. आम्ही बांध घातला, टोपल्यांनी गाळ वाहिला, पंधरा दिवस. मीही गेले. मावशीही आली. आम्ही एकाच रांगेत टोपल्या देत होतो आणि ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. एकदा फक्त विचारलं, माझ्याकडे न बघता, "कितला येळ उभी व्हती तू?" मी पाढ्यांचं सांगितलं. बारापासून सतरापर्यंत. तिनं टोपली घेतली, पुढे दिली. नंतर कित्येक वर्षं मी मनातल्या मनात ते पाढे म्हणून पाहिले आहेत, हळू, भरभर. त्या वेळात माणूस आळीतून चढणीच्या माथ्यावर पोचतो. आरामात पोचतो.

पुढच्या वर्षी आषाढात मी रूळ वाजवला. ढोल ऐकू आला तसा वाजवला, नदीकडे न बघता. आळी वर आली. चुली विझवून, दावी कापून, डबे घेऊन. आम्ही वाट पाहिली. नदी गुडघाभर चढली आणि तिथंच राहिली. ऊन कललं. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. माणसं हळूहळू उठली, पोरांना झटकलं, खाली निघाली. मावशी मात्र शाळेच्या पायरीवर बसून राहिली, डबा मांडीवर. मी तिच्या शेजारी जरा अंतर ठेवून बसले. ती नदीकडे बघत होती. मग तिनं डबा उघडला, एक बिबडी मोडली, अर्धी माझ्यापुढे धरली.

"आज पानी नही उनं," ती म्हणाली. "बरं व्हयनं."